घराण्याचे जुने कागद संशोधन मंडळाकडे सोपवताना या चुका टाळा

माळ्यावरच्या पेटीत किंवा जुन्या फडताळात रुमालात बांधलेले मोडी कागद सापडले की बहुतेक घरांत पहिला उत्साह असतो तो गाठ सोडून ‘महत्त्वाचे’ कागद बाजूला काढण्याचा. शिक्का असलेली सनद एकाकडे जाते, वाटणीचा कागद दुसऱ्याकडे, आणि जमाखर्चाचे व देण्याघेण्याचे चिटोरे रद्दीत पडतात. यापेक्षा मोठे नुकसान वाळवीही क्वचितच करते. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी वाईत मिळालेल्या कागदांवरून १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला, पुढे १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आणि राजवाड्यांच्या निधनानंतर धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. या संस्थांच्या संग्रहांचा मोठा भाग अशाच घरगुती दप्तरांतून आलेला आहे.

रुमालाचा क्रम मोडू नये, याला व्यावहारिक कारण आहे. पेशवाईतील खासगी पत्रांत पुष्कळदा ‘छ’ लिहून केवळ चंद्र, म्हणजे चांद्र तारीख, आणि महिना दिलेला असतो, वर्ष नसतेच. ते वर्ष ठरवायचे तर त्याच पुडक्यातील मागचीपुढची पत्रे, एखादी तारीखवार यादी किंवा हिशेबाचा ताळेबंद यांचाच आधार असतो. म्हणून रुमाल उघडताना प्रत्येक पुडक्याचे जागेवर छायाचित्र घ्यावे, वेगळ्या वहीत क्रमांक लिहावेत, आणि कागदावर खूण करणे अटळच असेल तर मागच्या कोपऱ्यात मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने करावी. बॉलपेन मुळीच वापरू नये.

छायाचित्रे काढताना मागची बाजू सोडणे ही चूक फार जणांकडून होते. लांब महजर, म्हणजे वादाच्या निवाड्याचा साक्षीसह कागद, किंवा निवाडापत्र कागदाचे अनेक बंद एकाखाली एक चिकटवून केलेले असते आणि त्या सांध्यांवर पाठीमागून शिक्के उमटवलेले असतात. मधला एखादा बंद बदलला गेला आहे का, हे त्यांवरूनच कळते. पत्र पोहोचल्याची नोंद, म्हणजे पैवस्ती, हीदेखील मुख्य मजकुराबाहेर कुठेतरी बारीक अक्षरात असते आणि निष्काळजी छायाचित्रात ती हमखास कापली जाते.

कालगणनेतील गोंधळ तर नेहमीचा आहे. अरबी अंकशब्दांतले ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे १ + ६० + १०० + १०००, अर्थात ११६१. हा आकडा हिजरी समजून मोजला तर इसवी सन १७४८ येते आणि पानिपताच्या धामधुमीतील पत्र थेट शाहू महाराजांच्या हयातीत जाऊन बसते. वास्तविक हा शुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांत चालणारी सौर वर्षाची गणना, आहे. तो मृगाला, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास बदलतो; त्यामुळे मृगापासून डिसेंबरपर्यंत त्यात ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवावे लागतात. महिने मात्र मोहरम, सफर असे हिजरीचेच लिहिलेले असतात आणि फसगत होते ती त्यामुळेच. फसलीत, म्हणजे महसुलाच्या सनात, मिळवायचा आकडा ५९० किंवा ५९१, शालिवाहन शकात ७८ किंवा ७९. राज्याभिषेक शक १६७४ पासून मोजतात. कोणता सन आहे हे ठरवल्याशिवाय इसवी वर्ष लिहूच नये. शंका असेल तर मूळ शब्द जसेच्या तसे उतरवून ठेवावेत.

जपणुकीच्या नावाखाली होणारे उपाय त्याहून घातक असतात. लॅमिनेशन केलेला हातकागद पुन्हा सुरक्षितपणे मोकळा करणे जवळजवळ अशक्य असते. सेलोटेपचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो. टाचणी व स्टेपल गंजतात. काजळाची शाई पाण्याने पसरते, तेव्हा डाग ओल्या फडक्याने पुसू नयेत. दमट झालेले कागद उन्हात न घालता सावलीत, वाऱ्याच्या मंद झोतात सुकवावेत, आणि एकमेकांना चिकटलेली पाने बोटाने वा सुरीने सोडवू नयेत. फाटलेल्या जागी गव्हाची खळ आणि पातळ जपानी कागद वापरून दुरुस्ती होते, पण ते काम शिकलेल्या हातांचेच आहे.

मंडळात किंवा पुरालेखागारात जाऊन ‘आमच्या आडनावाचे कागद दाखवा’ असे विचारल्यास बहुधा निराशाच पदरी पडते, कारण सरकारी दप्तरांची मांडणी आडनावांवर बेतलेली नाही. गाव, तर्फ (परगण्याचा पोटविभाग), परगणा, वतनाचा प्रकार आणि अंदाजे काळ एवढे सांगितले तर शोधाला दिशा मिळते. आज गाव ज्या तालुक्यात आहे त्याचे नाव पुरेसे नाही. पेशवाईतला परगणा वेगळा असू शकतो.

शेवटी, कागद तोंडी बोलण्यावर सोपवू नयेत. देणगी की केवळ सांभाळण्यासाठी ठेव, प्रती कोणाला मिळतील, हयात माणसांचे खासगी तपशील असलेले कागद किती वर्षे बंद राहतील, हे लेखी ठरवावे. प्रत्येक रुमालातील कागदांची संख्या लिहिलेली यादी दोन प्रतींत करून दोन्हींवर उभयपक्षांच्या सह्या घ्याव्यात, आणि रुमाल कोणत्या घरातून, कोणत्या गावातून, कोणाच्या हातून आला याची हकीकतही त्या यादीलाच जोडावी.