शेवटच्या बाकावर कोणाला बसवाल?

दर वर्षी जुलैत आमच्या कॉलेजात हिंदीतून एक परिपत्रक फिरतं. अध्यापनाची गुणवत्ता वाढवण्यासाठी सर्व प्राध्यापकांनी सहभागी व्हावं, अशी विनंती असते. सहभागी व्हायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते त्यात कधीच नसतं. मग आपण आपला अर्थ लावतो: हॉलमध्ये जाऊन बसायचं, हजेरीच्या कागदावर सही करायची, जिओटॅग फोटो निघताना मान वर करायची, कचोरी खायची आणि सर्टिफिकेट फाइलला लावायचं. मी इंदूरला २७ वर्षं रसायनशास्त्र शिकवतेय, माझीही फाइल चांगली जाडजूड आहे. पण माझं शिकवणं ज्यानं बदललं त्याचं सर्टिफिकेट कुणी देत नाही. वनस्पतीशास्त्राचे एक सर मांडीवर शंभर पानी वही घेऊन माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर येऊन बसले, एवढंच झालं होतं. ज्यांना हे करून बघायचंय त्यांच्यासाठी लिहितेय.

आधी जोडीदार शोधा, आणि तो आपल्या विभागातला नको. रसायनशास्त्रवाला माझ्या तासाला बसला तर त्याचं सगळं लक्ष मी समीकरण नीट जुळवलं की नाही इकडे. वनस्पतीशास्त्रवाल्याला समीकरणात रस नसतो, त्यामुळे तो पोरांकडे बघतो. विभागप्रमुख नकोत. तुमचा गोपनीय अहवाल ज्यांच्या हातात आहे असं कुणीच नको. आणि वयानं, नोकरीनं ज्येष्ठ असाल तर आधी तुमचा वर्ग उघडा. आमच्याकडे अतिथी विद्वान, म्हणजे कंत्राटी प्राध्यापक आहेत, त्यांच्या डोक्यावर पुढच्या वर्षीच्या नेमणुकीची टांगती तलवार असते. त्यांच्या वर्गात पहिल्याच दिवशी वही घेऊन शिरलात तर तो बिचारा घामाघूम होऊन पुस्तक वाचून दाखवेल, दुसरं काय?

विचारायचं कसं, यावर माझं मत ठाम आहे. 'सर, माझं लेक्चर बघून सांगा ना कसं वाटलं' असं विचारलंत तर 'छान!' एवढंच मिळेल. काम द्या, तेही मोजायचं. मी म्हटलं होतं, "सर, मंगळवारी पावणेअकराच्या पिरियडला मागे बसाल का? प्रश्न विचारल्यावर मी किती सेकंद थांबते आणि उत्तर कोण देतं, एवढंच टिपा. चहा माझ्याकडे." मोजण्यासारखं पुष्कळ असतं. फळ्याकडे तोंड करून किती वेळ बोललात, मागच्या बाकांवर मोबाइल निघाले तेव्हा तुम्ही काय करत होतात, 'समजलं?' हा शब्द कितीदा आला. पण एका वेळी एकच मोजा.

त्या मंगळवारचं पान मी जपून ठेवलंय. त्यातल्या चार ओळी अशा:

'१०:५२. तापमान वाढवलं तर समतोल कुठे सरकेल? १ सेकंद. उत्तर मॅडम.'

'१०:५५. समजलं? थांबल्या नाहीत.'

'११:०१. दाब वाढवला तर? २ सेकंद. उत्तर पहिल्या बाकावरची चष्मेवाली.'

'११:०२. खिडकीजवळचा निळा शर्ट तोंड उघडतो. मॅडम फळ्याकडे वळतात.'

तासाभरात मी ११ प्रश्न विचारले. ८ प्रश्नांची उत्तरं मीच देऊन टाकली, उरलेली तीन त्या चष्मेवालीनं दिली. आणि त्या दिवसापर्यंत मी सगळ्यांना सांगत होते की माझा वर्ग फार बोलका आहे! निळ्या शर्टाचं नाव मला माहीत नव्हतं. पुढच्या तासाला आधी ते विचारलं.

असं करणारी मी एकटीच नाही, हे नंतर कळलं. अमेरिकेत मेरी बड रो या बाईंनी वर्गातल्या ध्वनिफिती ऐकून हाच वेळ मोजला होता. शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात असं त्यांना आढळलं. तीन सेकंदांपर्यंत थांबलं तर मुलांची उत्तरं लांबतात आणि गप्प बसणारीही बोलायला लागतात. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? साठ पोरांसमोर उभं राहून मोजा, बसस्टॉपवर उभं असल्यासारखं वाटतं. मी त्यावर एक युक्ती काढली. प्रश्न विचारला की डस्टर उचलते, पूड झटकते, परत जागेवर ठेवते. तेवढ्यात तीन-चार सेकंद सहज जातात आणि तोंड बंद राहतं.

तासानंतरचं बोलणं त्याच दिवशी उरका, दुसऱ्या दिवशी नुसता 'छान' उरतो. स्टाफरूममध्ये नको, तिथे भिंतींना कान असतात. कँटीनला बसा. ज्याचा तास झाला त्यानं आधी बोलायचं. मग बघणाऱ्यानं वही वाचून दाखवायची, नुसते आकडे. सल्ला मागितल्याशिवाय द्यायचा नाही. आम्हा प्राध्यापकांना हे फार जड जातं, कारण न मागता सांगणं हाच आमचा धंदा. शेवटी पुढच्या आठवड्यात बदलायची एकच गोष्ट ठरवायची आणि पान फाडून ज्याचा तास त्याच्या हातात द्यायचं.

ते पान दुसरीकडे कुठेही जाता कामा नये. आमच्याकडे एकदा आयक्यूएसीला, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता समितीला, ही कल्पना फार आवडली. लगेच फॉर्म आला, दहा रकाने, १ ते ५ गुण. सगळ्यांनी सगळ्यांना ५ दिले, फोटो निघाले, नॅकची (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेची) फाइल फुगली आणि महिन्याभरात प्रकार संपला. प्राचार्यांना दाखवायला काही हवंच असेल तर तारीख आणि दोन नावं द्या, त्यापलीकडे नाही.

वर्गात कुणाला बसवायची छाती होत नसेल तर आधी रिकाम्या प्रयोगशाळेत सुरुवात करा. शाळेत शिकवायला बी.एड. लागतं, कॉलेजात लागत नाही. आम्ही एम.एस्सी., पीएच.डी. करून थेट फळ्यासमोर उभे राहतो, म्हणून सूक्ष्म अध्यापन, म्हणजे काही मिनिटांचा छोटा पाठ घेऊन एकाच कौशल्याचा सराव, हा शब्द आमच्यातल्या निम्म्यांच्या कानावरही नसतो. १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्डला ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत बसवली. आपल्याकडे सत्तरच्या दशकात बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात प्रा. बी. के. पासी यांनी तिच्यावर पुष्कळ काम केलं. हेच पासी सर पुढे इथे, आमच्या देवी अहिल्या विद्यापीठात होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

आपल्याकडच्या पद्धतीत एक फेरी ३६ मिनिटांची. ६ मिनिटं शिकवा, ६ मिनिटं ऐकून घ्या, १२ मिनिटांत पाठ पुन्हा बांधा, ६ मिनिटं पुन्हा शिकवा, ६ मिनिटं पुन्हा ऐका. विद्यार्थी म्हणून आपलेच सहकारी बसतात. आणि एका फेरीत कौशल्य एकच: नुसतं उदाहरण देणं, किंवा नुसतं प्रश्न विचारणं. आम्ही चौघांनी एका शनिवारी दुपारी हे केलं. मराठीच्या मॅडमना मी ६ मिनिटांत 'मोल' समजावायला घेतला आणि चौथ्या मिनिटाला त्या म्हणाल्या, "अगं, डझनासारखंच ना हे? मग तसं म्हण की!" खरं सांगते, २७ वर्षांत मी डझनानं सुरुवात केली नव्हती. थेट ॲव्होगाड्रोचा आकडा, म्हणजे एका मोलमध्ये किती कण ते, फळ्यावर मारत होते. १२ मिनिटांचा तो मधला वेळ गाळू नका, चहा तेव्हा पिऊ नका. खरं काम तिथेच होतं.

पोरांनाही विचारायचं. वर्षाअखेरचा फीडबॅक फॉर्म म्हणजे वरात गेल्यावर वाजलेला बँड. सहाव्या आठवड्यात विचारा, म्हणजे त्याच पोरांना काही उपयोग होईल. कोरी चिठ्ठी, नाव नाही, भाषा कुठलीही, प्रश्न दोन: शिकायला कशाची मदत होते आणि काय बदललं तर जास्त समजेल? मी वर्गाबाहेर जाते, चिठ्ठ्या दुसऱ्याच कुणी गोळा करतं. वाचताना पाच-सहा जणांनी एकच गोष्ट लिहिली असेल ती घ्या, एखाद्याच खवचट चिठ्ठीनं रात्रीची झोप घालवू नका. मला एकदा बऱ्याच जणांनी लिहिलं, 'मैडम बोर्ड के सामने ही खड़ी रहती हैं.' म्हणजे लिहिते ते मीच झाकते! एकानं लिहिलं, 'साड़ी अच्छी है.' असो. पुढच्या तासाला पाच मिनिटं काढून काय बदलणार आणि काय बदलता येणार नाही ते दोन्ही सांगा. हे केलं नाहीत तर पुढच्या वेळी सगळ्या चिठ्ठ्या कोऱ्या येतील.

स्टाफ कॉलेजबद्दल थोडंसं. १९८६ च्या शिक्षण धोरणातून अकॅडमिक स्टाफ कॉलेजं, म्हणजे प्राध्यापकांची प्रशिक्षण केंद्रं आली, २०१५ मध्ये त्यांची एचआरडीसी (मानव संसाधन विकास केंद्रं) झाली, २०२३ पासून मालवीय मिशन. स्टाफरूममध्ये आम्ही अजून 'स्टाफ कॉलेज'च म्हणतो. बढतीसाठी रिफ्रेशर कोर्स लागतो म्हणून सगळे जातात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मी स्वतः एक ऑनलाइन कोर्स कॅमेरा बंद ठेवून, कुकरच्या शिट्ट्या मोजत काढलाय. पण जाताना आपला न जमणारा एक पाठ बरोबर न्या. तिथे खंडव्याचा, देवासचा, कुठलाही, तोच पेपर शिकवणारा एक माणूस हेरा आणि तो पाठ तो कसा घेतो ते विचारा. एवढं झालं तरी दोन आठवडे वाया गेले नाहीत.

आता वर्गात करून बघायचा एक प्रयोग. हार्वर्डला भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझुर १९९१ पासून हे करतात: प्रश्न द्यायचा, प्रत्येकानं एकट्यानं उत्तर निवडायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग पुन्हा निवडायचं. यंत्रबिंत्र नको. छातीशी बोटं धरायची, एक ते चार, म्हणजे शेजाऱ्याला दिसत नाहीत. माझा प्रश्न: उकळत्या पाण्याच्या बुडबुड्यांत काय असतं? हवा, हायड्रोजन आणि ऑक्सिजन, पाण्याची वाफ, की नुसती उष्णता? बी.एस्सी.च्या वर्गात निम्म्याहून जास्त दोन बोटं. बारावीला रसायनशास्त्रात डिस्टिंक्शन मिळवलेली पोरं ही! मग म्हटलं, आपसात भांडा. मागून आवाज आला, "अबे, हाइड्रोजन होता तो पापा का ठेला कब का उड़ जाता." वडील पोहे विकतात. आमच्याकडे पोह्यांच्या परातीखाली पाणी सारखं उकळत असतं, वाफेवर पोहे गरम राहतात, आणि खाली भट्टी पेटलेली. दुसऱ्या वेळी जवळजवळ सगळी तीन बोटं. मी एक अक्षर बोलले नव्हते. जोडीदार मागे बसलेला असेल तर त्याला या दोन मिनिटांत बाकांच्या रांगांतून फिरायला सांगा. कोण काय बोलतं ते फळ्यापाशी उभं राहून ऐकू येत नाही.

वेळ कुठून काढायचा, असं सगळे विचारतात. महिन्यात दोन पिरियड, एक बघायचा, एक दाखवायचा. वेळापत्रक लागतं त्याच आठवड्यात दोघांचे मोकळे तास एकमेकांवर ठेवून बघा आणि वहीत तारखा लिहून टाका. 'बघू पुढच्या आठवड्यात' म्हटलंत की दिवाळी येते.

वनस्पतीशास्त्राचे सर आता निवृत्त झाले. सध्या माझी जोडी इतिहासाच्या मॅडमशी आहे. गेल्या महिन्यात मी त्यांच्या वर्गात मागे बसले होते, वही मांडीवर. त्यांनी विचारलं, अहिल्याबाईंनी कारभारासाठी महेश्वरच का निवडलं असेल? वर्ग चिडीचूप. इंदूरच्या माणसाला यावर काहीतरी बोलल्याशिवाय राहवत नाही, पण बघायला आलेल्यानं बोलायचं नसतं, म्हणून मी जीभ चावून घड्याळाकडे बघत बसले. मॅडमनी टेबलावरची पुस्तकं उचलून पुन्हा नीट रचली. सातव्या सेकंदाला माझ्या पुढच्याच बाकावरची मुलगी उठली. तिचं उत्तर मी लिहिलं नाही, मला फक्त सेकंद टिपायचे होते.