खाली थेंब नाही, तरी व्हॅनचं कूलंट कमी होतं
दर्यापूरकडच्या जुन्या ओम्नी व्हॅन माझ्या गॅरेजला येतात, त्या बहुतेक याच तक्रारीनं : "भाऊ, पाणी जाते कुठी तेच समजत नाही. काल तं ठीक होती." अशा वेळी कोणी थेट रेडिएटर बदलायला सांगितला तर हो म्हणू नका. कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची, गळती गार इंजिनवर होते की तापल्यावर, ते आधी ठरवा.

इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटर भरा, कूलंटच्या बॉटलवर मार्करनं रेघ मारा आणि रात्री गाडीखाली कोरडा पुठ्ठा टाका. सकाळी डाग दिसला तर गारव्यातली गळती. थंडीत रबर आकसतं, क्लिप ढिली पडते. तापलं की रबर फुगून जागा बंद. क्लिप आवळून पाहा. पाईप दाबल्यावर तडे दिसले तर बदलाच.

पुठ्ठा कोरडा, पण गाडी फिरून गार झाल्यावर पातळी रेघेखाली, तर गळती दाबाखालची. इंजिन तापून दाब चढला की बारीक चीर उघडते आणि गरम इंजिनवर पडलेलं कूलंट तिथंच उडून जातं. मागे राहतो सुकलेला थर, कूलंटच्या रंगाचा, हिरवट किंवा गुलाबी. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, म्हणून सीट उचला, टॉर्च घ्या, तो थर शोधा. वॉटर पंपाच्या बुडाशी एक बारीक भोक असतं. तिथून ओघळ गेलेला दिसला तर आतलं सील गेलं. पंप बदला, ते भोक एम-सीलनं बुजवू नका. गाडी गॅसवर असेल तर रेड्युसरला, म्हणजे गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाला, गरम पाणी नेणारे बारीक पाईप आणि त्यांचे टी-जॉइंट न चुकता पाहा. किट बसवल्यावर तिकडे कोणी वळूनही पाहत नाही, आणि मला गळती बरेचदा तिथंच सापडते.

तरी सापडेना, तर हातपंपाच्या प्रेशर टेस्टरनं गार इंजिनवर दाब भरा, रेडिएटरच्या झाकणावर ०.९ असा काही आकडा असतो तेवढाच, आणि १५ मिनिटं थांबा. काटा हलला नाही तर दोष झाकणात असू शकतो, त्याचं रबर आणि स्प्रिंग तपासा. स्वस्तातलं काम आहे. काटा उतरला आणि बाहेर कुठंच ओल नाही, तर हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनच्या हेडखालच्या सीलवर, शंका घ्या. डिपस्टिकवर दुधाळ तेल किंवा उघड्या रेडिएटरात सतत बुडबुडे दिसले तर गाडी पुढे चालवूच नका.

आपल्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी रेडिएटरात ओतायची सवय सोडा. क्षार आत बसतात आणि बाहेर जिकडेतिकडे पांढरा थर धरून खरी गळती झाकतात. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, एवढंच टाका.

गरम इंजिनचं झाकण कधीच उघडू नका. सांडलेल्या कूलंटवर लगेच माती टाकून ते उचला, पुठ्ठाही सकाळीच हलवा. चवीला गोड लागतं म्हणून कुत्री, शेळ्या ते चाटतात, आणि ते विष आहे.