वाल टोकण्याआधी खळं झाडा

भात झोडून झालं की मुरबाड-शहापुरात सगळ्यांना एकच घाई, ओल आहे तोवर वाल टाकायचा. घाई बरोबरच आहे. पण त्या घाईत खळं, म्हणजे भात झोडायची जागा, सांडलेल्या दाण्यासकट तसंच पडून राहतं, आणि शेजारच्या तुकड्यातला वाल त्या खळ्यापायी जातो. हे मी इतक्या बांधांवर पाहिलंय की या हंगामात दुसरं काही नाही जमलं तरी चालेल, पण वाल टोकण्याआधी खळं झाडून घ्या, असं हात जोडून सांगतो.

चोर आहे पारवा. आपलं नेहमीचं निळसर करडं कबूतर, पंखावर दोन काळे पट्टे. मूळचा कड्याकपारीतला पक्षी. माहुली गडाच्या कड्यांत, जुन्या विहिरींच्या कपारीत तो आपल्याकडे पहिल्यापासून आहे. आता कल्याण, टिटवाळा, बदलापूरच्या उंच इमारती त्याला कड्यासारख्याच वाटतात. खिडकीवरचा छज्जा, एसीच्या मागची बोळकांडी घरट्याला पुरते. सकाळी तिथून थवे उठतात आणि शेतांवर येतात. दाण्यासाठी चार-पाच किलोमीटर उडणं त्याला काहीच जड नाही. देशातल्या पक्ष्यांवरचा २०२३ चा मोठा अहवाल निघाला, त्यात बहुतेक पक्षी घटत असताना वाढणाऱ्या मोजक्यांत हा होता.

तो वाढतो कसा, ते समजून घ्या, म्हणजे खळ्याचं महत्त्व कळेल. मादी एका वेळी दोनच अंडी घालते. १७ ते १९ दिवसांत पिल्लं निघतात. दिवसा मधला वेळ नर उबवतो, बाकीचा वेळ मादी. पिल्लांना सुरुवातीला किडा-अळी लागत नाही, कारण आईबाप दोघांच्याही गळ्याखालच्या पिशवीत दह्यासारखं घट्ट दूध तयार होतं, तेच भरवतात. म्हणून दाणा मिळाला की याला ऋतू लागत नाही, बारा महिने वीण चालते. महिनाभरात पिल्लू उडतं, आणि ते उडायच्या आधीच पुढची अंडी पडलेली असतात. एका पारव्याला दिवसाला साधारण ३० ग्रॅम दाणा लागतो. शंभरांचा थवा म्हणजे रोजचे तीन किलो.

मारून हे कमी होत नाहीत. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात वर्षानुवर्षं पकडून, गोळ्या घालून जवळपास लाखभर पारवे मारले, थवे तेवढेच राहिले. १९८८ पासून लोकांनी दाणे टाकणं कमी केलं, तेव्हा चार वर्षांत २० हजारांचे १० हजार झाले. आपल्या खळ्यावरचा दाणा म्हणजे तेच दाणे टाकणं.

गेल्या वर्षी विजेच्या तारेला आपटून मेलेला पारवा बांधावर मिळाला. हातात पिशवी घालून त्याची गळ्याची थैली चिरून पाहिली. बहुतेक भातच होतं. त्या भातात सात-आठ फुगलेले वाल, दोघांना मोड आलेला. भातासाठी उतरला आणि पुढच्या वाफ्यात त्याला वाल सापडला. पहिल्या दिवशी चार-पाच येतात, जागा लक्षात ठेवतात, आठवड्यात थवा येतो. नेमका त्याच आठवड्यात वाल आपल्या दोन डाळिंब्या, म्हणजे बियाच्या दोन फाका, डोक्यावर घेऊन मातीतून वर येतो, आणि पारवा त्या खुडतो. उरतं नुसतं देठ. मग पुन्हा टोकायला जावं तर ओल उडालेली असते. पाण्याची सोय नसेल तर हंगाम गेला.

म्हणून झोडणी ताडपत्रीवरच करा. उचलल्यावर सरवा, म्हणजे मागे पडलेली कणसं-दाणे, वेचा, खळं झाडा, पळंज, म्हणजे पोचट भातसुद्धा, उघड्यावर ठेवू नका. झाडलेलं घरच्या कोंबड्यांना बंदिस्त जागी घाला, उकिरड्यावर टाकू नका. खळं झाडणं आणि वाल टोकणं यांत चार दिवस गेले तर उत्तम, पण वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, जात असेल तर थांबू नका, त्याच दिवशी झाडून टोका.

बी ४-५ सेंटिमीटर खोल, वर माती दाबून. बियाण्याला थायरम किलोला ३ ग्रॅम चोळा. ही शिफारस बुरशीसाठीच आहे, पण थायरमची चव पक्ष्यांना आवडत नाही आणि चोळलेलं बी कमी उकरलं जातं, असा माझा अनुभव आहे. सावलीत सुकवून अगदी पेरताना रायझोबियम हे जिवाणू खत चोळा, १० किलोला २५० ग्रॅम. थायरम लावलेलं उरलेलं बी खाऊ नका, कोंबड्यांनाही घालू नका.

टोकल्यापासून दहा-बारा दिवस सकाळी दहापर्यंत आणि दुपारी चारनंतर राखण हवी. चमकी फीत पीळ देऊन ताणा. पण तिची जागा दर तिसऱ्या दिवशी बदला, नाहीतर पारवे तिला सरावतात.

दुकानदार अल्ट्रासॉनिक यंत्र गळ्यात मारेल. घेऊ नका. तो आवाज आपल्याला ऐकू येत नाही, तसा पारव्यालाही येत नाही. विषारी दाणे तर मुळीच नकोत. फोरेट या कीटकनाशकावर २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे, तरी कुणी जुना साठा काढून देतो. त्याने मोर मरतो, कोंबडी मरते, कुत्रं मरतं.

हरियालला यात ओढू नका. हिरवट-पिवळा, वड-पिंपळाची फळं खाणारा, आपला राज्यपक्षी. त्याचा वालाशी काही संबंध नाही.

बाकीची कामं:
– भात १२-१३ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून साठवा.
– वाल, हरभरा: हेक्टरी २५ किलो नत्र, ५० किलो स्फुरद, पेरतानाच.
– ढगाळ हवेत वालावर मावा बघा, ५ टक्के निंबोळी अर्क.
– हरभऱ्यात घाटे अळीच्या पतंगांसाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे. पक्षीथांबे, म्हणजे पक्ष्यांना बसायच्या काठ्या, उगवण सावरल्यावरच रोवा, आधी नको.
– कणगीच्या खोलीच्या झरोक्यांना जाळी मारा. विष्ठा कोरडी झाडू नका, तिच्या धुळीने फुप्फुसाचे आजार होतात. तोंडाला फडकं बांधा, पाणी शिंपडा, मग खरवडा.