ऑईल जास्त पडलंय? आधी इंजिन बंद करा

ऑईल कमी राहिलं तर इंजिन जाम होतं, हे गाडीला हात लावणाऱ्या प्रत्येकाला कोणी ना कोणी ऐकवलेलं असतं. जास्त झालं तर काय होतं, हे सहसा कुणी सांगत नाही. त्यामुळे नवखा माणूस घरी पहिल्यांदा ऑईल बदलायला बसतो तेव्हा डोक्यात एकच धास्ती असते: कमी पडायला नको. आणि त्या धास्तीपोटी तो ओतत राहतो. मीही ओतत राहिले होते, म्हणून हे लिहितेय. ड्रेन प्लग कुठे असतो, वॉशर का बदलायचा, फिल्टरच्या रबराला ऑईलचं बोट का लावायचं, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते.

काळ्या हातांनीच फोन उघडून हे वाचताय? मग एवढं आधी करा. इंजिन चालू असेल तर बंद करा. बंद असेल तर "एक चक्कर मारून येऊ, बसेल खाली" म्हणून गाडी बाहेर काढू नका. जास्तीचं ऑईल कुठेही बसत नाही, ते आतच असतं. याला अपवाद एकच. फिल्टर नवा टाकलाय आणि त्यानंतर इंजिन अजून सुरूच केलेलं नाही, अशा वेळी फिल्टर रिकामा असतो आणि त्याच्या पोटात मावणारं ऑईल खाली चेंबरमध्येच (इंजिनाच्या तळाशी ऑईल साठतं त्या भांड्यात) पडलेलं असतं. डिपस्टिकवर, म्हणजे ऑईल मोजायच्या काडीवर, पातळी वरच्या खुणेच्या थोडी वर दिसली तर जागच्या जागी मिनिटभर इंजिन चालवा, बंद करा, थांबा आणि पुन्हा बघा. फिल्टरच्या आकारानुसार पाव लिटरच्या आसपास ऑईल तो पिऊन टाकतो. हे मिनिटभर चालवणं वेगळं आणि रस्त्यावर नेणं वेगळं.

आता किती जास्त झालंय ते काढा. घाबरायचं की नाही, हे त्या आकड्यावर ठरतं. डिपस्टिकच्या खालच्या आणि वरच्या खुणेत किती ऑईलचा फरक आहे, हे बऱ्याच मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. पुष्कळ मोटारींत तो १ लिटरच्या आसपास असतो, लहान इंजिनांत कमी. समजा १ लिटर आहे आणि दोन खुणांमधलं अंतर पट्टीने २० मिमी भरलं, तर १ मिमी म्हणजे ५० मिली. वरच्या खुणेच्या वर ३ मिमी ऑईल दिसत असेल तर जास्तीचं साधारण १५० मिली झालं. एवढ्याने मोटारीच्या इंजिनाला सहसा काही होत नाही, रात्री झोप लागायला हरकत नाही. १० मिमी दिसत असेल तर अर्धा लिटर. ते काढल्याशिवाय गाडी हलवायची नाही. वरच्या खुणेच्या पुढे हा हिशेब अंदाजाचाच असतो, कारण चेंबर सगळीकडे सारखा रुंद नसतो. पण काढायचं की सोडून द्यायचं, हे ठरवायला अंदाज पुरतो.

जास्त ऑईलने नेमकं काय बिघडतं, हे एकदा नीट समजून घ्या, म्हणजे "थोडं जास्त असलेलं बरंच" म्हणणाऱ्यांपुढे मान डोलवावी लागणार नाही. चेंबरमध्ये तळाशी ऑईल आणि त्याच्या वर थोडी मोकळी जागा सोडून क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, फिरत असतो. पातळी चढली की क्रँकची वजनं ऑईलमध्ये बुडून त्याला फटके मारायला लागतात. ३००० आरपीएम म्हणजे सेकंदाला ५० फेरे. एवढ्या वेगाने घुसळल्यावर ऑईलचा फेस होतो आणि पंप तो फेसच ओढून पुढे ढकलतो. ऑईल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. त्यामुळे बेअरिंगमध्ये जो पातळ थर टिकायला हवा तो टिकत नाही. चेंबर काठोकाठ भरलेला आणि बेअरिंग उपाशी, असा हा प्रकार. शिवाय हवेत उडालेलं ऑईल ब्रीदरच्या नळीतून (इंजिनातली वाफ बाहेर काढणारी नळी) इनटेकमध्ये, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या वाटेत, जातं, तिथून सिलेंडरमध्ये जळतं, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, स्पार्क प्लग काळे पडतात आणि हे बरेच दिवस चाललं तर धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. डिझेलवाल्यांनी तर जास्तच जपायचं. डिझेल इंजिन स्वतःचं ऑईल इंधन म्हणून जाळू शकतं आणि तसं खूप प्रमाणात जायला लागलं तर किल्ली बंद करूनही ते थांबत नाही. हे क्वचित होतं, पण होतं.

ऑईल सील, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती ऑईल अडवणाऱ्या रबरी कड्या, लगेच फुटतात, असंही कुणीतरी सांगेल. धडधाकट सील अर्ध्या लिटरने फुटत नाही. आधीच कडक झालेलं असेल तर गळायला लागू शकतं, एवढंच.

आता मी जिथे अडकले ते. मापात चूक नव्हती. काडी वाचण्यात होती, आणि नवख्यांचं बहुतेक इथेच चुकतं असं माझं ठाम मत आहे.

ऑईल ओतलं, इंजिन सुरू केलं, ऑईलचा दिवा विझला, इंजिन बंद केलं आणि लगेच काडी ओढली. काडीवर खालच्या खुणेजवळ ऑईल. पोटात गोळा. मग आणखी ओतलं. खरं तर त्या क्षणी बरंचसं ऑईल वर हेडमध्ये (इंजिनाच्या माथ्याच्या भागात), आतल्या वाटांमध्ये असतं आणि ते सावकाश खाली निथळत असतं. पाच-दहा मिनिटांत ते चेंबरमध्ये येतं, थंड आणि घट्ट ऑईलला त्याहून वेळ लागतो. तुम्ही जे "कमी" वाचलंत ते कमी नव्हतंच, ते वाटेत होतं. तुम्ही वरून भर घातलीत, वाटेतलंही खाली आलं आणि दोन्हींची बेरीज खुणेच्या वर गेली.

त्यात नवं ऑईल काडीवर दिसत नाही. जुनं काळं असतं, लांबूनही कळतं. नवं इतकं पारदर्शक की चकचकीत पट्टीवर ओली कुठे आणि कोरडी कुठे हेच समजत नाही. काडी आडवी धरून उजेडाकडे तिरकी करा. तरी कळेना तर पांढऱ्या कागदावर ती पट्टी अलगद टेकवा. जिथपर्यंत कागद तेलकट होतो तिथपर्यंत ऑईल. मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर पुढचा सगळा उपद्व्याप वाचला असता.

याच्या उलटही फसगत होते. ओतताना डिपस्टिकच्या नळीच्या भिंती ओल्या झालेल्या असतात, काडी वर येताना त्यांना घासते आणि एका बाजूला वरपर्यंत ओघळ उठतो. दोन्ही बाजू बघा. ज्या बाजूला कमी दिसतं ते खरं. पट्टीभर सलग ओलं असेल तिथपर्यंतच मोजायचं, वरचे तुटक ठिपके सोडून द्यायचे. काडी बुडापर्यंत बसली नव्हती किंवा गाडी उतारावर होती, या कारणांनीही आकडा फिरतो. गाडीचं पुढचं एक चाक जरी जॅकवर असलं तरी ते वाचन फुकट.

म्हणून क्रम असा: सपाट जागा, मिनिटभर इंजिन चालवणं, बंद करणं आणि दहा मिनिटं तिथून उठून जाणं. हात धुवा, अवजारं पुसा, काहीही करा, पण काडीला हात लावू नका. मग ओढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा ओढा, वाचा. लागोपाठ दोन वाचनं सारखी येईपर्यंत विश्वास ठेवू नका. मोजताना इंजिन गरम हवं की थंड, हे मात्र मॅन्युअल सांगेल तसं. तेल तापलं की फुगतं. ४ लिटर ऑईल ७० अंशांनी तापलं तर साधारण २०० मिलीने वाढतं, म्हणजे आपल्या वरच्या हिशेबात ४ मिमी. दोन्ही पद्धती आलटून पालटून वापरल्यात तर आयुष्यभर गोंधळात राहाल.

मोटरसायकलवाल्यांनो, तुमच्याकडे चेंबर छोटा, त्यामुळे १५० मिलीसुद्धा किरकोळ नाही. ऑईलची पातळी बघायची काच असेल तर गाडी सरळ उभी करूनच बघायचं. साइड स्टँडवर गाडी डावीकडे झुकते, काच बहुधा उजवीकडे असते, मग ऑईल कमी भासतं आणि आपण ओततो. आट्यांची डिपस्टिक असेल तर ती पिळून वाचायची की नुसती टेकवून, हे गाडीगणिक वेगळं असतं. पिळून वाचायची काडी नुसती टेकवून वाचलीत की तिचं टोक वर राहतं आणि पुन्हा तेच, ओतणं.

काढायचं कसं? मोठी सिरिंज आणि डिपस्टिकच्या नळीतून जाईल अशी पातळ, जराशी ताठ नळी. इंजिन कोमट असताना ऑईल पातळ असतं, चटकन येतं. नळी घालायच्या आधी डिपस्टिकशेजारी धरून तिच्या लांबीवर चिकटपट्टीची खूण करा, म्हणजे आत किती गेली ते कळेल. दट्ट्या सावकाश ओढा. बुडबुडेच येत असतील तर टोक ऑईलच्या वर आहे, थोडं आत सरकवा. तोंडाने ओढायचा विचारही नको. काढलेलं मोजत जा आणि अंदाजाच्या थोडं अलीकडे थांबून पुन्हा दहा मिनिटांचा तोच उपवास.

ड्रेन प्लग ढिला करून "थोडंसंच" सोडायचं, असा एक झटपट उपाय सगळे उस्ताद सांगतात. मला तो अजिबात पटत नाही. शेवटच्या आट्याला प्लग हातातून सुटतो, ऑईल मनगटावरून बाहीत जातं आणि घाईत परत बसवताना आटे तिरके लागतात. अॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे एकदा गेले की अर्ध्या लिटरचं दुखणं कितीतरी मोठं होऊन बसतं. सिरिंज नसेल तर सरळ सगळं ऑईल स्वच्छ, कोरड्या भांड्यात काढा आणि मोजून परत भरा. नुकतंच घातलेलं ऑईल आहे, भांडं स्वच्छ असेल तर ते वाया जात नाही. आणि गाडीखाली जाताना नुसत्या जॅकच्या भरवशावर जाऊ नका. स्टँड लावा. यावर मला वाद घालायचा नाही.

भरताना आकडा कोणता धरायचा, हेही बघा. मॅन्युअलमध्ये फिल्टरसह आणि फिल्टरशिवाय असे दोन आकडे असू शकतात. कधी कोरड्या इंजिनाचा तिसराही असतो, तो इंजिन खोलून बांधणाऱ्यांसाठी. डबा ४ लिटरचा आहे म्हणून ४ लिटर ओतायचं नसतं. शिवाय कितीही निथळू दिलं तरी थोडं जुनं आत राहतंच. अर्धा लिटर हातचा राखून भरा आणि उरलेलं काडी बघत बघत घाला. डब्यावरच्या रेषा वाचता येत नसतील तर वजन करा. १०० मिली इंजिन ऑईल साधारण ८६ ग्रॅम भरतं.

दोन प्रसंग असे की सिरिंज हातात घ्यायची नाही. पहिला: काडीवर ऑईल खुणेच्या फारच वर, जणू दुप्पट, आणि मघाशी खाली पडलेलं द्रव नेहमीसारखं काळं नव्हतं, लालसर किंवा वेगळ्या वासाचं होतं. म्हणजे तुम्ही गिअरबॉक्सचा प्लग खोललात. इंजिनात जुनं अधिक नवं आहे आणि गिअरबॉक्स रिकामा आहे. गाडी एक फूटही हलवू नका. दुसरा: तुम्ही काहीच ओतलेलं नाही आणि पातळी आपोआप चढतेय. डिझेलचा किंवा पेट्रोलचा वास येत असेल तर इंधन ऑईलमध्ये मिसळतंय. डीपीएफवाल्या (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेल्या) गाड्या फक्त जवळच्या जवळ चालवल्या की हे होतं. ऑईल दुधट, मळकट दिसत असेल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) शिरलंय. ही दुखणी वेगळी, ती मेकॅनिककडेच.

बाकी ज्यांनी अर्धा लिटर जास्त असताना पाचेक मिनिटं जागच्या जागी इंजिन चालवलं आणि आता रडकुंडीला आलेत, त्यांनी शांत व्हा. काढून टाका, बहुधा काही झालेलं नसतं. थोडा धूर पुढचे काही किलोमीटर येऊ शकतो, इनटेकमध्ये गेलेलं जळून संपलं की जातो. एअर फिल्टरचा डबा उघडून आत ऑईल साचलंय का बघा, असेल तर पुसा आणि फिल्टर भिजला असेल तर बदला. टॅपेटसारखा टकटक आवाज येत राहिला किंवा ऑईलचा लाल दिवा लागला, तर मात्र स्वतःची समजूत घालत बसू नका. बंद करा आणि जाणत्याला बोलवा.

सिरिंजने काढलेलं ऑईल झाकणाच्या बाटलीत ठेवा आणि वर ग्रेड लिहा, त्याच इंजिनात पुढे भर घालायला चालेल. ती सिरिंज मात्र ब्रेक ऑईलच्या कामाला घेऊ नका. ब्रेकच्या रबरांना इंजिन ऑईल लागलं की ती फुगतात. धुऊन घेतली तरी नको, वेगळी आणा.