जुन्या सोनटक्क्याची वाटणी कधी आणि कशी करायची

आमच्या परड्यात न्हाणीच्या मोरीजवळ सोनटक्क्याचं बेट होतं, सासूबाईंनी लावलेलं, पंचवीसेक वर्षांचं तरी असेल. पानं डोक्याच्या वर आणि फुलं म्हणाल तर दोन-चार, ती पण कडेला. येईल तो म्हणायचा शेणखत कमी पडतंय. खताचा प्रश्नच नव्हता हो, आत गर्दी झालेली. सोनटक्का म्हणजे आल्याच्या भावकीतला, गड्डे एकमेकांवर चढत बाहेर बाहेर सरकतात, मधला भाग म्हातारा होऊन बसतो आणि एका दांड्याला फुलं एकदाच येतात, नंतर तो नुसता जागा अडवतो.

वेळ मे अखेरची. एक-दोन वळीव पडले की मृगाच्या आत उरकायचं, तेव्हा जमीन पहारीचं ऐकते आणि कोंब पण सुटायच्या बेतात असतात. मी पहिल्यांदा जुलैत केलेलं, काळी माती, वर आठ दिवस सूर्य नाही, निम्मे गड्डे कुजून वास मारायला लागले. माझी भाची अमेरिकेत असते, तिच्याकडे पिओनीचं जुनं झाड आहे, ती वाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात करते कारण त्या झाडाला पुढे कडक थंडी लागतेच. आपल्याकडे तेवढी थंडी कुठली, म्हणून मला कुणी विचारलं की पिओनी लावू का तर मी सरळ नको म्हणते.

आधी दांडे वीतभर ठेवून छाटा, उचलायला धरायला होतात. मग बेटापासून फूटभर लांबून गोल चर काढा. अगदी बुंध्याजवळ खोरं मारलं की नेमके कडेचे ताजे गड्डे तुटतात आणि कामाचे तेच असतात. चारी बाजूंनी पहार घालून उचकटत जायचं. सगळं बेट एकदम उचलायच्या नादाला लागू नका, कंबर जाते, जागेवरच तीन-चार तुकडे करून वर काढा.

आता पाइपनं माती धुऊन काढा, हे टाळू नका, मातीत काहीच कळत नाही. चांगला गड्डा हाताला जड, घट्ट, टोकाला पांढरट कोंब, कापला की आल्यासारखा वास. म्हातारा गड्डा तपकिरी, हलका, अंगठा दाबला की आत जातो. तो फेकायचा. इथंच सगळ्यांचा जीव अडकतो, माझा पण अडकलेला, सासूबाईंच्या हातचा म्हणून मधला सगळा भाग जपून परत लावला आणि त्यातून एक कोंब आला नाही.

कोयत्याला धार लावून तुकडे करा, मुठीएवढा तुकडा आणि त्यावर दोन-तीन डोळे पाहिजेतच. एकेका डोळ्याचे बारके तुकडे केले तर रोपं भरपूर होतात पण फुलाला वाट बघत बसा. कापलेल्या जागी चुलीची राख चोळून एक दिवस सावलीत ठेवा. त्याच्यापेक्षा जास्त नको, वाळतात. लावायला उशीर होणार असेल तर ओल्या गोणपाटात गुंडाळा.

लावताना खोल गाडू नका! डोळे वर, त्यावर दोन-तीन बोटं माती, बास. दोन तुकड्यांत दोन फूट अंतर. ह्याला ओल आवडते पण साठलेलं पाणी नाही, म्हणून काळी माती असेल तर शेणखत आणि थोडी वाळू मिसळून जरा उंचवटा करा. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळाली तर उत्तम, दुपारच्या उन्हात पानांची टोकं करपतात. वरून उसाचं पाचट पसरा, आपल्याकडे त्याला काय तोटा. आणि मोरीचं पाणी पूर्वी चालायचं, आता त्यात नुसता साबण आणि पावडर, मी तरी सोडत नाही.

पहिल्या वर्षी फुलं कमीच येणार, कधी येतच नाहीत. आमच्या चार आळ्यांपैकी एकाला सप्टेंबरात आली, संध्याकाळी उमलली की मागच्या दारापर्यंत वास. बाकीच्या तिघांना पुढच्या वर्षी.

उरलेले गड्डे ओढ्याकडेला टाकू नका, हे झाड ओलीला जिथं पडेल तिथं धरतं, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिकेत तर त्यानं ओढेच्या ओढे व्यापलेत. मी बुट्टीभर गड्डे फाटकाजवळ ठेवले होते, अंधार पडायच्या आत बुट्टी रिकामी, आणि बुट्टी पण गेली.