गिटचे शॉर्टकट आणि भुसावळची एक दुपार

मे महिना, भुसावळचं ऊन. कूलरसमोर बसून मी शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करत होतो. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या टूलसाठी दोन शॉर्टकट आदल्याच आठवड्यात करून ठेवले होते. जीटी म्हणजे गिट स्टेटस, काय बदललं ते दाखवणारी कमांड, आणि जीआर म्हणजे गिट रीसेट हार्ड, न नोंदवलेले बदल पुसून टाकणारी. कीबोर्डवर आर आणि टी शेजारी शेजारी. बोट जरासं सरकलं, एंटर दाबला गेला आणि सकाळपासूनचं काम गेलं. रीफ्लॉग म्हणजे गिटची जुन्या नोंदींची यादी चाळली, पण तिथे कमिट केलेलं, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेलंच सापडतं, आणि मी दिवसभरात एकही कमिट केला नव्हता.

म्हणून नव्याने शिकणाऱ्यांना कळकळीने सांगतो, जी कमांड काम पुसू शकते तिला छोटं नाव देऊ नका. रीसेट हार्ड, क्लीन, फोर्स पुश हे अक्षर न् अक्षर टाइप करा. तेवढ्या वेळात चूक ध्यानात येते.

बाकीच्या कमांडना छोटी नावं जरूर द्या, पण कुणाची तयार यादी उचलून नको. मी तशी भलीमोठी यादी घेतली होती, त्यातली पाच नावंही लक्षात राहिली नाहीत. दोन-तीन आठवडे सगळं पूर्ण टाइप करा आणि मग आधी टाइप केलेल्या कमांडची यादी दाखवणारी हिस्टरी कमांड मारून बघा. माझ्याकडे स्टेटस, डिफ, अ‍ॅड आणि कमिट हेच पुन्हा पुन्हा निघाले.

नाव ठरलं की ते आधीच कुणी घेतलेलं नाही ना, हे ‘टाइप’ नावाच्या कमांडने तपासा. स्टेटससाठी बरेच जण जीएस ठेवतात, पण लिनक्सवर जीएस म्हणजे घोस्टस्क्रिप्ट हा पीडीएफ हाताळणारा प्रोग्राम. एलियास, म्हणजे असा शॉर्टकट, नुसता टर्मिनलमध्ये लिहिला तर विंडो बंद केली की संपला. तुमचा शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड चालवणारा प्रोग्राम, बॅश असेल तर तो होम फोल्डरमधल्या डॉट बॅशआरसी फाइलमध्ये लिहा आणि ती फाइल सोर्स करा, म्हणजे बदल लगेच लागू होतो. मॅकवर २०१९ च्या कॅटलिनापासून झेड शेल येतो, तिथे डॉट झेडएसएचआरसी. गिटचे स्वतःचेही एलियास असतात. गिट कॉन्फिगमध्ये एसटीला स्टेटस जोडलं की शेल कोणताही असो, गिट एसटी चालतं. मला हेच जास्त आवडतात.

खरा फायदा मात्र प्रॉम्प्टचा, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांडच्या आधी दिसणाऱ्या मजकुराचा झाला. चालू ब्रँचचं, म्हणजे कोडच्या ज्या शाखेवर काम चाललंय तिचं, नाव तिथे सतत डोळ्यासमोर असलं की मेन या मुख्य ब्रँचवर चुकून कमिट जात नाही. विंडोजच्या गिट बॅशमध्ये ते आपोआप दिसतं. लिनक्सवर बहुतेक वेळा गिटची प्रॉम्प्ट स्क्रिप्ट बॅशआरसीत जोडावी लागते.

पुण्यात एका इंटरव्ह्यूला त्यांच्याच लॅपटॉपवर ब्रँच बदलायला सांगितली. बोटांनी सवयीने जीसीओ, म्हणजे गिट चेकआउटचा माझा शॉर्टकट टाइप केला, समोर ‘कमांड नॉट फाउंड’. पूर्ण कमांड आठवेपर्यंत घाम फुटला.

आता जळगावला रूमवर ज्युनियर येतात, ‘भो, तुझी बॅशआरसी दे ना’ म्हणतात. फाइल मी देत नाही. शेजारी बसवतो आणि त्यांची स्वतःची हिस्टरी उघडायला लावतो.