घरच्यांच्या साथीने कॉफी भाजण्याचा छोटा व्यवसाय कसा सुरू करावा

या व्यवसायाचा विचार डोक्यात आला की बहुतेक जण आधी यंत्रांच्या किमती बघायला बसतात. यंत्र नंतर बघू. आधी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसा आणि आठवड्याचे किती तास कोण देणार, ते नावासकट लिहून काढा. ‘लागेल तसं करू’ या बोलीवर सुरू झालेलं काम हळूहळू एकाच माणसाच्या गळ्यात पडतं.

भाजणी, पाकिटं भरणं, हिशेब आणि ग्राहकांशी बोलणं ही चार वेगवेगळी कामं आहेत. त्यातली भाजणी सुरुवातीला एकाच्याच हाती ठेवा. हात बदलला की चव बदलते, आणि मग चूक बियांची, यंत्राची की माणसाची हे कळायला मार्ग उरत नाही. घरच्यांच्या कामाचा मोबदला लगेच देता आला नाही तरी खर्चात धराच, नाहीतर पगारी माणूस ठेवायची वेळ आली की पाकिटाचा दर अंगावर येतो. कुणी पैसे घातले असतील तर ते उसने आहेत की भागीदारीचे, हेही त्याच कागदावर येऊ द्या.

जीभ तयार करा

थोड्या थोड्या कच्च्या बिया आणून लहान यंत्रावर भाजा आणि चाखा. चाखण्याची रूढ पद्धत सोपी आहे: 8.25 ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी, त्यावर 93 अंश सेल्सिअसच्या आसपासचं 150 मिली पाणी. चार मिनिटांनी वर आलेला थर चमच्याने मोडायचा, फेस काढून टाकायचा आणि जरा निवल्यावर चव घ्यायची. कोणता कप कोणत्या भाजणीचा, हे घरच्यांना सांगू नका. कौतुक करायला घरचे तयारच असतात. आपल्याला खरं मत हवंय.

भाजणी आणि वही

कच्च्या बियांत साधारण 10 ते 12 टक्के ओलावा असतो. तो उडताना आधी ओल्या गवतासारखा वास येतो, मग बिया पिवळ्या पडतात, त्यानंतर तपकिरी रंग चढू लागतो. बियांचं तापमान 196 अंशांच्या आसपास गेलं की तडतड ऐकू येते. हा फर्स्ट क्रॅक. इथून पुढे कान आणि नाक यंत्रापाशीच हवेत, कारण बिया कधी बाहेर काढायच्या हे पुढच्या एक-दोन मिनिटांत ठरतं. सुमारे 224 अंशांना सेकंड क्रॅक सुरू होतो. त्याच्याही पुढे गेलात तर बियांवर तेल दिसायला लागतं आणि मूळच्या चवीपेक्षा भाजल्याची चवच जास्त लागते. गडद भाजणीत हलक्या प्रतीच्या बिया लपवता येतात, पण चांगल्या प्रतीच्याही तिथेच हरवतात. बाहेर काढलेल्या बिया चार-पाच मिनिटांत गार झाल्या पाहिजेत.

बिया घालतानाचं तापमान, पिवळ्या पडल्याची वेळ, क्रॅकची वेळ, बाहेर काढल्याची वेळ आणि आधीचं-नंतरचं वजन प्रत्येक घाण्याला वहीत उतरवा. उद्या भाजणी दुसऱ्या कुणाकडे द्यायची झाली, तर ही वहीच कामाला येईल.

भाजताना वजन घटतं, साधारण 12 ते 20 टक्के. घट 15 टक्के धरली तर एका किलोचे 850 ग्रॅम हातात येतात, म्हणून खरेदीचा भाव 0.85 ने भागल्याशिवाय दर काढू नका. यंत्राचा आकारही याच हिशेबातून निघतो. आठवड्याला 20 किलो विकायचे असतील तर साधारण 23.5 किलो कच्च्या बिया लागतील. एका किलोच्या यंत्रावर ते 24 घाणे झाले. तासाला तीन घाणे धरले तर आठ तास, शिवाय साफसफाई. आता पहिला कागद काढा आणि एवढे तास खरंच लिहिलेत का ते बघा.

जागा

खाद्यव्यवसायाचा परवाना आणि विमा यंत्र घेण्याआधी मार्गी लावा. धुराचा पाइप कुठे सोडणार, हे शेजाऱ्यांशीही बोलून घ्या. भाजताना सुटणारा कोंडा चटकन पेट घेतो. तो रोज काढा, अग्निशामक हाताशी ठेवा आणि यंत्र चालू असताना जागा सोडू नका. ताज्या भाजलेल्या बियांतून कार्बन डायऑक्साइडबरोबर कार्बन मोनॉक्साइडही बाहेर पडतो, त्यामुळे झोपायच्या किंवा बंद खोलीत त्यांचा साठा नको. घरातून धंदा करणाऱ्यांकडून नेमकं हेच राहून जातं.

विक्री

सुरुवातीला दोनच प्रकार ठेवा. पाकिटं एकमार्गी व्हॉल्व्हची घ्या, म्हणजे आतला वायू बाहेर जातो पण हवा आत शिरत नाही. पाकिटावर भाजल्याची तारीख ठळक छापा. फिल्टरसाठी बियांना काही दिवस मुरू द्यावं लागतं, एस्प्रेसोसाठी आठवडाभर किंवा त्याहूनही जास्त. हे ग्राहकाला विकतानाच सांगा. भाजणीचा वार ठरवा, त्याच्या आदल्या दिवसापर्यंत मागणी घ्या आणि तेवढंच भाजा. त्या एका वारात सगळे घाणे बसेनासे झाले, आणि हे सलग काही आठवडे होत राहिलं, की मोठ्या यंत्राची चौकशी करायला हरकत नाही.